दोन खड्यांच्या मधून उजेड दिसला तर काम परत करा

मागच्या अंकात मी चांदीत दगड बसवायच्या कामाबद्दल, म्हणजे इनलेबद्दल दोन पानं लिहिली आणि शेवटी हौसेने 'काही अडलं तर विचारा' असं टाकलं. त्याचं फळ म्हणजे ढीगभर मेल आणि चार खरीखुरी पोस्टाची पाकिटं, त्यातल्या एकात तर चक्क दगडच होता आणि पाकीट फाटल्यामुळे पोस्टमनदादांनी तो वेगळा हातात दिला, 'हा पण तुमचाच' म्हणून. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत. ज्यांची पत्रं लांबलचक होती त्यांनी कापल्याबद्दल राग मानू नये, कापणं हाच माझा धंदा आहे.

ताई, इनले म्हणजे आपलं कोंदणच ना? माझ्या आजीच्या बुगड्यांत पण माणकं अशीच बसवलीयेत. मग यात वेगळं काय? — कॉलेज विद्यार्थिनी, सांगली

नाही गं, तसं नाहीये. कोंदणात प्रत्येक खडा आपापल्या घरात एकटा बसतो आणि त्याच्या चहूबाजूंनी सोनं दाबून त्याला धरलेलं असतं, त्यामुळे खडा कुठे थोडा तिरका कापला गेला असेल, एखादी कड जरा खाल्लेली असेल, तर ते सोनं सांभाळून घेतं, कुणाला कळतही नाही. इनलेत सांभाळून घेणारं कुणी नसतं. दगडाला दगड लागतो, किंवा फार तर मधे चांदीची एक बारीक भिंत असते, आणि सगळं एका पातळीत घासून असं गुळगुळीत करायचं की डोळे मिटून बोट फिरवलं तर दगड कुठे संपला आणि चांदी कुठे सुरू झाली ते लागायला नको.

मग तो तुकडा बसतो कसा, तर घासून. दोन-अडीच मिलीमीटर जाडीची चकती कापायची, त्यावर बारीक पेनने आकार काढायचा (माझं पेन अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचं आहे, मार्करची शाई पाण्यात जाते), रेघेच्या जरा बाहेरून कापायचं आणि मग चाकावर रेघेपर्यंत यायचं. इथपर्यंत दहा मिनिटं. पुढचा अर्धा तास म्हणजे दोन तुकडे एकमेकांना टेकवायचे, खिडकीसमोर धरायचे, मधून उजेडाची रेघ दिसते का बघायची, दिसली की जिथे टेकतंय तिथे, म्हणजे जिथे रेघ नाहीये तिथे, एकदा, अक्षरशः एकदाच, चाकाला लावायचं आणि परत खिडकी. नवशिकी माणसं हमखास उलटं करतात, जिथे फट दिसते तिथेच घासतात आणि फट अजून मोठी होते, मीपण केलंय. आणि एक गुपित सांगते, तुकड्याची कड अगदी उभी नसते, खालच्या बाजूला किंचित आत गेलेली असते, म्हणजे वर दगडाला दगड घट्ट टेकतो आणि खाली गोंदाला बसायला जागा मिळते.

मॅडम, मी रिटायर्ड आहे, सिन्नरच्या बाजूला खडीच्या क्वारीवर ओळख आहे, तिथून बरेच स्फटिक जमवलेत. गुलाबीसर पंख्यासारखे, हिरवट पारदर्शक, काही पांढरे सुयांसारखे. याचे पेंडंट होतील का? — नाशिक

काका, फोटो बघून जीव खालीवर झाला, काय सुंदर तुकडे आहेत, पण प्लीज कापू नका. ते गुलाबीसर पंखे स्टिल्बाइटचे आहेत, हिरवे अ‍ॅपोफिलाइट दिसतायत, आणि या दोघांनाही कागदाच्या गड्डीसारखा स्वभाव आहे, एका दिशेने फटकन सुटतात. चाकाला लावलं की पापुद्रा निघतो. वर मऊही आहेत, मोहसच्या पट्टीवर, म्हणजे दगडाचा कठीणपणा एक ते दहात मोजायच्या पट्टीवर, स्टिल्बाइट साडेतीन-चार, अ‍ॅपोफिलाइट साडेचार-पाच. अंगावर घालायच्या वस्तूला ते झेपणार नाही. जगभरचे संग्राहक आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमधल्या या स्फटिकांसाठी जीव टाकतात, पुण्याजवळ वाघोलीच्या क्वारीतला निळा कॅव्हान्साइट तर त्यांच्यात इतका फेमस आहे की वाघोली हे नाव पुणेकरांआधी त्यांना माहीत असावं. तुमच्याच सिन्नरला गारगोटी म्युझियम आहे, गेला नसाल तर जाऊन या, तिथे ते जसे सापडले तसेच ठेवलेत आणि तेच बरोबर आहे.

मात्र तुमच्या चौथ्या फोटोत मागे कोपऱ्यात जे बटाट्यासारखे ओबडधोबड गोळे दिसतायत ना, ज्यांच्याकडे तुमचं स्वतःचंच लक्ष दिसत नाहीये, ते मला हवेत. ते अकीक आहेत बहुतेक. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वाफेचे बुडबुडे राहिले, त्या पोकळ्यांत सिलिका थरावर थर बसत गेली, तो अकीक. तपासायची सोपी रीत: फुटलेल्या कडेला मेणासारखी चमक असेल, पातळ कड उजेडात धरली तर प्रकाश आरपार येईल, चाकूच्या पात्याने चरा पडणार नाही आणि उलट दगडानेच काचेवर चरा पडेल. (काच घरातल्या शोकेसची घेऊ नका, काकूंची क्षमा मी मागणार नाही.)

नमस्कार. पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर, हे वीकेंडचं वेड. फिटिंग मला जमतंय, फटी दिसत नाहीत. पण फायनल पॉलिश झाल्यावर निळा पिरोजा (टर्क्वॉइज) खाली बसलेला आणि शेजारचा लाल कार्नेलियन वर आलेला, मधली हिरव्या मॅलाकाइटची पट्टी तर चक्क घळ झालीये. तीन पेंडंट असेच वाया गेले. चाकं चांगली आहेत, प्रेशर एकसारखं आहे. मग चुकतंय कुठे? — ठाणे

तुमचं चाक नाही चुकलं, तुमची सोयरीक चुकली. कार्नेलियन म्हणजे अकीकच, कठीणपणा साडेसहा ते सात. पिरोजा पाच ते सहा. मॅलाकाइट साडेतीन-चार. हे तिघं एका ओळीत बसवून तुम्ही वरून चाक फिरवताय, तर जो मऊ आहे तो आधी झिजणार, कडक आहे तो तसाच उभा राहणार, यात प्रेशर एकसारखं आहे हाच तर प्रॉब्लेम आहे.

माझं पहिलं पेंडंट सांगते. कार्नेलियनच्या दोन पाकळ्या आणि मधे मॅलाकाइटचं पान, फार अभिमानाने वहिनीला वाढदिवसाला दिलं. तिने गळ्यात घातलं, आरशात बघितलं, छान म्हणाली, आणि मग जेवताना सवयीने अंगठ्याच्या नखाने त्यावरून फिरवत बसली. दहा मिनिटांनी म्हणते, 'यात पान आहे ते खड्ड्यात आहे का गं मुद्दाम?' मी 'हो, डिझाइन आहे' म्हटलं. ते पेंडंट ती अजून घालते आणि मला अजून ते बघवत नाही.

तर दगडांची आपापली पंगत असते, ती मोडू नका. एका पंगतीत अकीक, कार्नेलियन, जास्पर, टायगर आय, सगळे सातच्या आसपासचे. दुसऱ्या पंगतीत पिरोजा आणि लाजवर्द (लॅपिस लाझुली), पाच-सहाचे, यांचं एकमेकांशी सुरेख जमतं. तिसरी मऊ मंडळी: मॅलाकाइट, पोवळं, शिंपला. दुसऱ्या आणि तिसऱ्या पंगतीचं हाताच्या हलकेपणावर जमवता येतं, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोचे झूनी या मूळ रहिवासी जमातीचे कारागीर पिरोजा, पोवळं, शिंपला आणि काळा जेट (कोळशाच्या जातीचा दगड) अशी चौकडी पिढ्यान्पिढ्या शेजारी बसवत आलेत. पण बघा, त्या जुन्या चौकडीत अकीक नाही! त्यांना मोहसची पट्टी कुणी दाखवली नव्हती, हाताला कळलं असणार.

आता तुम्ही म्हणाल मला लाल हवाच आहे पिरोज्याशेजारी. मग दोन गोष्टी. एक, मधे चांदीची भिंत घाला, भिंत दोघांनाही थोडं आवरून धरते, थोडं म्हणजे थोडंच. दुसरं, आणि हे तुम्ही नक्की चुकवताय कारण सगळेच चुकवतात, मऊ गादीचं चाक वापरू नका. मऊ फेल्ट किंवा स्पंजचं चाक दबतं आणि मऊ दगडाच्या खोलगटात शिरून तो अजून कोरतं. काचेच्या तुकड्यावर चिकटवलेला वॉटर पेपर घ्या, पाणी टाका आणि पेंडंट हाताने त्यावर आठाच्या आकड्यात फिरवा. पेपर २२०, ६००, १२००, ३००० नंबरचे, याच क्रमाने, प्रत्येक पेपरवर आधीच्या पेपरचे चरे पूर्ण गेले की मगच पुढचा, घाई केली की शेवटच्या चमकेत एकच खोल चरा असा काही उठून दिसतो की बाकी काही दिसतच नाही. चमक आणायला मऊ कापड फक्त शेवटी आणि फक्त काही सेकंद. अकीकाला सेरियम ऑक्साइडने ओप छान येतो, पिरोज्याला मी अगदी बारीक डायमंड पेस्ट लाकडाच्या चाकीवर लावते.

तीन वाया गेलेली पेंडंट टाकू नका हं. मॅलाकाइटची घळ कोरून काढा आणि तिथे जास्परची पट्टी बसवा.

मॅडम नमस्कार. आमचं हुपरीत चांदीचं काम, आजोबांपासून. एका पार्टीने इनलेची ऑर्डर दिली, दगड कापून त्यांनीच दिले, चिकटवून आम्ही घासायचं होतं. एका पीसची कडी निघाली म्हणून आगीवर टाका मारला तर दोन खडे उडाले आणि बाकीचे काळपट पडले. दुसऱ्या पीसला रोजच्या लाल पॉलिशने चकाकी दिली तर पिरोज्याचा रंग डागाळला. नुकसान आमच्या अंगावर आलं. — हुपरी, जि. कोल्हापूर

दादा, चांदीतलं मी तुम्हाला काय सांगणार, हुपरीच्या कारागिराने मला पत्र लिहावं हेच जास्त झालं. तुम्हाला जे झालं ते चांदीच्या सवयीमुळे झालं, चांदीत काही बिघडलं तर पुन्हा आगीत घालता येतं, इथे तो रस्ता बंद होतो. चांदीचा टाका वितळायला सहाशे-सातशे डिग्रीच्या पुढे जावं लागतं आणि दगड चिकटवायचा गोंद, एपॉक्सी, शंभरच्या आसपास ढिला पडायला लागतो. पिरोज्यात मुळातच पाणी असतं, तो तर इतक्या गरमीत तडकतोच. म्हणून नियम असा की सगळे टाके, सगळ्या भिंती, कडी, फासा, नाव-हॉलमार्क, सगळं आधी. अ‍ॅसिडमध्ये उजळणं पण आधी, कारण मॅलाकाइट, पोवळं आणि शिंपला अ‍ॅसिडला टिकत नाहीत, मॅलाकाइटवर तर लगेच बुडबुडे येतात. त्या पार्टीने हे ऑर्डर देतानाच सांगायला हवं होतं, आणि दगड त्यांचा, गोंद त्यांचा, तर सगळं नुकसान तुमच्या एकट्याच्या अंगावर का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे असं माझं मत.

लाल पॉलिशचं कारण म्हणजे पिरोजा स्पंजसारखा असतो, बारीक छिद्रं असतात, तो रंग पितो. लाल रूज पितो, हिरवं कंपाउंड पितो, घाम आणि तेलसुद्धा पितो. चांदी इनलेबरोबर घासायची तर पांढरं कंपाउंड घ्या, किंवा आधी एखाद्या टाकाऊ तुकड्यावर बघा. आणखी एक, जे तुम्ही लिहिलं नाहीये पण होत असणार: घासताना चांदीचा काळा लगदा निघतो तो दगडाच्या फटीत आणि छिद्रात जाऊन बसतो आणि फिकट दगडाभोवती मेंदीच्या रेघेसारखी काळी रेघ दिसते. पाणी भरपूर आणि दर पाच मिनिटांनी दात घासायच्या ब्रशने साबणपाणी, दुसरा उपाय नाही. आणि फट राहिलीच तर? दगडाचीच पूड एपॉक्सीत कालवून भरतात, बाजारात भरपूर होतं, मी पण केलंय, पण ती रेघ मेलेली दिसते, चकाकत नाही, ज्याला कळतं त्याला लांबून कळतं.

दगड भिंतीपेक्षा पाव मिलीमीटर वर राहील असा घ्यायला सांगा. खाली राहिला तर दगडाला गाठण्यासाठी चांदी घासावी लागते आणि तुमचं वजन जातं.

ताई मी गृहिणी आहे, ज्वेलरीची खूप आवड. मिस्टरांचा छोटा हँड ग्राइंडर आहे. बाल्कनीत रुमाल बांधून हळूहळू शिकले तर चालेल का? मुलं लहान आहेत म्हणून क्लासला जाता येत नाही. — जळगाव

रुमाल बांधून नाही, कोरडं तर अजिबात नाही, आणि मुलं बाल्कनीत खेळत असतील तर विषयच संपला. मी या एका प्रश्नावर गोड बोलणार नाहीये. अकीक, गारगोटी, जास्पर, टायगर आय ही सगळी सिलिका, ती कोरडी घासली की जी धूळ उडते तिच्यातले सगळ्यात बारीक कण डोळ्याला दिसतही नाहीत, रुमालातून आरामात जातात आणि फुप्फुसात जाऊन बसले की परत येत नाहीत. याला सिलिकोसिस म्हणतात, तो बरा होत नाही, आणि त्याच्या जोडीला टीबीचा धोका वाढतो. गुजरातमध्ये खंबातला अकीकाचं काम हजारो वर्षांच्या परंपरेचं, भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरचा दगड, मडक्यात भाजून लाल केलेला, त्याचे मणी हडप्पा काळात पार मेसोपोटेमियापर्यंत (आजचा इराक) गेले, तिथल्या उर शहरात राजघराण्याच्या थडग्यांत सापडलेत. त्याच खंबातमध्ये घरात चाकावर दगड घासणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिस झाला, तरुण वयात माणसं गेली, आणि घरातच काम असल्यामुळे जे चाकाला बसतच नव्हते त्यांच्या छातीतही धूळ गेली. आपण हौसेसाठी करतोय, त्यांना तर पोटासाठी करावं लागलं, त्यामुळे आपल्याला निष्काळजीपणाचं कारणच नाही.

आता होण्यासारखं सांगते. सगळं पाण्याखाली. दगड, चाक, दोन्ही ओलं, धूळ उडायच्या आत चिखल झाली पाहिजे. पण मिस्टरांचा हँड ग्राइंडर पाण्यात नाही चालत, शॉक बसेल! जे विजेवर चालतं ते हातात आणि खाली पाणी, हे कॉम्बिनेशन कधीच नको. लवचिक शाफ्टवालं मशीन मिळतं, मोटर वर खुंटीला टांगलेली आणि हातात फक्त दांडी, तसं घ्या, आणि ज्या प्लगला लावाल त्याला गळती झाली की वीज तोडणारा स्विच आहे ना ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. पाणी वापरूनसुद्धा एन ९५ मास्क, कारण थेंबांबरोबर कण उडतात. ओला चिखल वाळू द्यायचा नाही, वाळला की परत तीच धूळ, ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका, आणि तो चिखल मोरीत ओतू नका, माझ्या खालच्या मजल्यावरच्यांची मोरी एकदा तुंबली आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझा विषय स्वतंत्र अजेंड्यावर आला होता.

किंवा खरं सांगू का, मुलं मोठी होईपर्यंत मशीनच नको. कापलेले-घासलेले छोटे कॅबोशन (वरून फुगीर, गुळगुळीत खडे) आणि पट्ट्या मिळतात, त्या घ्या आणि हाताने, काचेवरच्या ओल्या वॉटर पेपरवर बसवायला शिका. हळू होतं, आवाज होत नाही, आणि फिटिंगची नजर यायला याहून चांगला मार्ग नाहीये. मला मशीन आधी मिळालं याचं कधीकधी वाईट वाटतं.

पटापट घेते आता.

*पुणे, 'लक्ष्मी रोडला स्वस्तात पिरोजा मिळाला, खरा आहे का?'* फोटोवरून कुणीच सांगू शकत नाही. अंगठीच्या आतल्या बाजूला किंवा मण्याच्या भोकात बघा, आत पांढरं दिसलं तर रंगवलेला हाउलाइट (मुळात पांढरा दगड) असण्याची शक्यता जास्त. कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन मागच्या बाजूला लावा, कापूस निळा झाला तर रंग. लाजवर्दला पण हीच टेस्ट चालते, शिवाय खऱ्या लाजवर्दमध्ये पायराइटचे सोनेरी ठिपके वेडेवाकडे असतात, अगदी सारखे पेरल्यासारखे दिसले तर शंका घ्या. आणि राळ भरून घट्ट केलेला पिरोजा म्हणजे खोटा नव्हे, बाजारातला बहुतेक तसाच असतो, इनलेला तर तोच बरा, फक्त विकताना सांगितलं पाहिजे.

*सोलापूर, 'कुठला गोंद?'* दोन भागांचा, हळू वाळणारा एपॉक्सी. पाच मिनिटांवाला नको, तो कमजोर आणि घासताना गरम झाला की आधी तो सोडतो. चोवीस तास हात लावू नका. घाई होत असेल तर दुसरा पीस करायला घ्या.

*कराड, 'काळा अकीक नैसर्गिक असतो का?'* सहसा नाही. साखरेच्या पाकात भिजवून मग सल्फ्युरिक अ‍ॅसिड, साखर आतल्या आत काळी पडते. जुनी आणि मान्य पद्धत आहे, पण घरी करू नका, मेल करणाऱ्यांनी 'आम्ही करून बघतो' असं लिहिलंय म्हणून मुद्दाम सांगतेय.

*बेळगाव, 'माझ्या राशीला कुठला इनले चालेल?'* जो ड्रेसवर जाईल तो. पत्रिका पाठवू नका प्लीज, दोघांनी पाठवल्यात.

*नगर, 'आग्र्याहून संगमरवराची डबी आणली, ती फुटली, तिच्या फुलांचं पेंडंट होईल का?'* होईल पण फुलं संगमरवरातून काढावी लागतील. आग्र्याचं पच्चीकारीचं काम म्हणजे संगमरवरात टाकीने घर कोरायचं आणि त्यात घासलेली पाकळी बसवायची, एकेक पाकळी नखापेक्षा पातळ असते. संगमरवर तीनच्या कठीणपणाचा, अंगावर घालायला मऊ, घामाने आणि लिंबाने खराब होणार. एसीटोनमध्ये घट्ट झाकणाच्या बरणीत काही दिवस भिजवून बघा, गोंद नवा असेल तर सुटेल. आगीपासून लांब.

ताई, न्यू जर्सीहून. न्यू मेक्सिकोला फिरायला गेलो होतो तेव्हा तिथल्या गॅलप गावातून झूनी इनलेची अंगठी घेतली होती, सूर्याच्या चेहऱ्याची. त्यातला एक पिरोजा निघाला, तुकडा सापडलाय. घरी सुपरग्लूने चिकटवू का? आणि मी तुमच्यासारखं शिकले तर तसाच सूर्य करून आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी स्टॉलवर विकला तर चालेल का?

सुपरग्लू नको, तो ठिसूळ असतो, आजूबाजूला पांढरी पुटं चढवतो आणि पुढच्या कारागिराला तो आधी खरवडून काढावा लागतो. तुकडा छोट्या झिपच्या पिशवीत ठेवा आणि शक्य असेल तर ज्या दुकानातून घेतली त्यांनाच विचारा, बऱ्याच जणांकडे दुरुस्तीची माणसं असतात. निघाली का, तर बहुधा भांडी घासताना हातात होती, हो ना? गरम पाणी, साबण, आपटणं. इनलेची अंगठी काढून ठेवायची वस्तू आहे. चांदी उजळायच्या लिक्विडमध्ये बुडवू नका, मशीनमध्ये टाकू नका, नुसतं ओलसर मऊ फडकं. आणि त्यातला पिरोजा एकसंध आभाळी निळा असेल, काळ्या रेघा नसतील, तर तो अ‍ॅरिझोनाच्या स्लीपिंग ब्यूटी खाणीचा असू शकतो, ती २०१२ मध्ये पिरोज्यासाठी बंद झाली, त्यामुळे तुकडा हरवू देऊ नका.

दुसऱ्या प्रश्नाचं: तंत्र शिका, हजारदा शिका. त्यांचा सूर्य विकू नका. अमेरिकेत १९९० चा कायदा आहे, जे मूळ रहिवाशांनी केलेलं नाही ते त्यांचं म्हणून विकणं गुन्हा आहे. तुम्ही म्हणाल मी झूनी म्हणून विकणारच नाही, कायद्याने सुटाल कदाचित, पण तो चेहरा त्यांच्या घरचा आहे. आपल्याकडे काय कमी आहे, पैठणीच्या पदरावरचा मोर घ्या की! मोराची मान लाजवर्दची, पिसाऱ्यातले डोळे पिरोज्याचे, दोघं एकाच पंगतीतले, घासताना त्रास नाही. पहिला झाला की फोटो पाठवा.

आणि आता पाकिटातला दगड. चिठ्ठी एवढीच होती: 'पैठणला नदीकाठी सापडला. आत काय आहे बघायचंय. माझ्याकडे मशीन नाही.' खाली गावाचं नाव, पेन्सिलने.

मला पैठण वाचूनच हसू आलं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषा लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची माहिती लिहून ठेवली, पेरिप्लस म्हणतात तिला, त्यात पैठणहून अकीकाच्या जातीचा दगड गाड्या भरभरून भडोचच्या (आजच्या भरूचच्या) बंदराला जातो असं लिहिलंय. म्हणजे पैठणचा दगड बाहेरगावी पाठवायची रीत फारच जुनी, पाकीट मात्र तेव्हा फाटत नसावं.

मुठीएवढा होता, वरून मातकट, एका बाजूला नदीने गुळगुळीत केलेला. शिकंज्यात धरला, करवतीचं पाणी सुरू केलं आणि एकदम हळू चालवली, चाळीस मिनिटं लागली. अर्ध्यात आल्यावर पाणी राखाडीचं पांढरं झालं तेव्हाच कळलं आत गारगोटी आहे. दोन तुकडे वेगळे झाले, धुतले. बाहेरून दोन मिलीमीटर तपकिरी साल, मग राखाडी-पांढऱ्या पट्ट्या, मी मोजल्या, एका बाजूला एकवीस, दुसऱ्या बाजूला सतरापर्यंत आल्यावर डोळे दुखले, आणि मधोमध वाटाण्याएवढी पोकळी, तिच्यात साखरेसारखे बारीक स्फटिक. लाल नाही, निळा नाही, बाजारात कुणी ढुंकून बघणार नाही असा राखाडी दगड. एक आडवी भेग मात्र आहे, त्यामुळे मोठी चकती निघणार नाही, पण भेगेच्या वरच्या बाजूने दोन पट्ट्या आरामात निघतील, पट्ट्यांच्या रेघा समोरासमोर ठेवून जोडल्या तर लुगड्याच्या काठासारखं दिसेल.

एक अर्धा मी ठेवून घेतलाय, कापणावळ म्हणून. दुसरा या सोमवारी परत पाठवलाय, यावेळी पत्र्याच्या डब्यात घालून.